माझ्या पाठीने दिलेला कौल

मी सरळ बसलोय असं मला वाटतं तेव्हा मी डावीकडे कललेला असतो, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तेही एका फोटोवरून. कुंडलिनी ध्यानाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात आमच्या शिक्षकांनी माझ्या पाठीमागे उभं राहून मोबाईलवर फोटो काढला आणि मला दाखवला. खिडकीची चौकट सरळ होती आणि तिच्यापुढे मी वाकडा. मोबाईल तिरका धरला असेल, असं मी म्हटलं. त्यांनी फोटोतल्या खिडकीवर बोट ठेवलं.

मी एसटीच्या लाल गाडीवर तीस वर्षं कंडक्टर होतो. चालत्या गाडीत तिकिटं फाडायची, सुट्टे द्यायचे, वर म्हाताऱ्यांचे प्रश्न झेलायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. मग उभं राहायचं कसं, तर कमरेची डावी बाजू सीटच्या दांड्याला टेकवून. मालगुंडच्या गाडीवर वळणं अशी, की टेकला नाहीत तर पुढच्या बाईच्या मांडीवर जाऊन बसाल. नोकरी संपली, पण दांडा माझ्या कमरेने मनात धरून ठेवला होता. तो नसतानाही ती त्याला टेकत होती.

शिक्षक मूळचे चिपळूणचे. नोकरीत त्यांनी पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळले होते आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत मुलीकडे राहायला आले होते. शहरालगतच्या नाचणे गावात एका शाळेच्या वरच्या मजल्यावर ते सकाळी सहाला वर्ग घेत. मांडी घालायची, पाठीचा कणा ताठ, हनुवटी किंचित आत, हात गुडघ्यांवर, आणि श्वास घेताना शक्ती माकडहाडापासून मणक्यामणक्याने वर चढतेय असं बघायचं. पाण्यासारखी वर येऊ द्या, ते म्हणायचे. मी विचारलं, पाणी वर कसं चढेल? ते म्हणाले, "पंपाने. श्वास हा पंप. पण पाईप वाकडा असला तर पंप काय करील?" आणि माझ्याकडे बघून हसले. माणूस बोलण्यात हुशार होता.

त्यांनी मला डाव्या बाजूखाली टॉवेलची घडी घालून बसायला सांगितलं. तशी घडी घातली की म्हणे मी सरळ व्हायचो. मला मात्र मी उजवीकडे कोसळतोय असंच वाटायचं. सरळ वाटलो की वाकडा, वाकडा वाटलो की सरळ. सरळ म्हणजे नेमकं काय, तेच मला कळेनासं झालं.

खरं तर वर्गाला जायचं होतं माझ्या बायकोला. मी स्कूटर चालवायला. तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ होती. गेल्या पावसाळ्यापर्यंत सुपारीएवढी होती ती आवळ्याएवढी झाली, आणि श्वासनलिकेवर दाबायला लागली. इथल्या डॉक्टरांनी सुई घालून तपासली आणि सांगितलं, काढून टाका, कोल्हापूरला जा. कोल्हापूरच्या सर्जनबाईंनी तारीख दिली. पण बाई प्रामाणिक होत्या, त्यांनी हेही सांगितलं की आवाजाची नस या गाठीला लागूनच जाते. बहुतेक वेळा काही होत नाही, क्वचित आवाज बदलतो. माझ्या बायकोने त्यातला 'क्वचित' ऐकलाच नाही.

ती आमच्या आळीतल्या बायकांच्या भजनात बावीस वर्षं पुढे बसून सांगायची. तिने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. शिक्षण सातवीपर्यंतचं, नोकरी नाही, नावावर काही नाही. तिचं म्हणून जे काही होतं ते त्या गळ्यात होतं, आणि गाठही तिथेच. शेजारणीने तिला सांगितलं की ध्यानाने गाठी विरघळतात. शिक्षकांनी मात्र पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "वहिनी, मन स्थिर होईल. गाठीचं मी काही बोलणार नाही. तारीख चुकवू नका." हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे झालं त्यात त्या माणसाचा काही दोष नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी मी टॉवेल घरी विसरलो. घडीशिवायच बसलो. म्हटलं, एक दिवस वाकडा बसलो तर काय आभाळ कोसळणार आहे? बायको नेहमीप्रमाणे माझ्या मागच्या रांगेत. वीसेक मिनिटं झाली असतील. माकडहाडाशी ऊब जाणवायला लागली. आधी वाटलं, सतरंजीवर ऊन आलंय, पण ऊन अजून खिडकीतसुद्धा आलं नव्हतं. ती ऊब हळूहळू वर सरकली, खांद्यांच्या मधोमध येऊन थांबली, आणि माझं अंग थरथरायला लागलं. मग मी डावीकडे गेलो. कुणीतरी धरून वाकवावं तसा अगदी जमिनीजवळ गेलो आणि परत वर आलो. असं तीनदा झालं. कुठेतरी हुंकार ऐकू येत होता. तो माझाच आहे हे मला जरा उशिरा समजलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी शुद्धीवर होतो. खाली रस्त्यावर कोळीण "बांगडे, बांगडे" करत गेली तेही मी ऐकलं. थांबवायचं म्हटलं असतं तर मला थांबता आलं असतं. बहुतेक आलं असतं. शिक्षक कानाशी येऊन म्हणाले, "होऊ द्या, अडवू नका," आणि मी होऊ दिलं. डोळे उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि डावा पाय इतका बधिर झाला होता की दोघांनी धरून उठवावं लागलं. म्हणजे शक्ती जागी झाली आणि पाय झोपला. यातलं खरं कोणतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही नाही.

 घरी आल्यावर तिने मला पाटावर बसवून चहा दिला. एरवी मी ओट्याजवळ उभा राहूनच पितो, आणि कप विसळून ठेवत नाही म्हणून बोलणी खातो. त्या दिवशी बोलणी नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी चिखलाच्या चपला थेट पडवीत आणल्या तरी ती गप्पच. चौतीस वर्षांच्या संसारात असा मान मला मिळालेला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवडायला लागला होता. तिसऱ्या दिवशी ती फोनवर बोलताना ऐकलं. "नाय, आमी येत नाय. ती तारीख दुसऱ्या कोणाला द्या."

मी विचारलं, हे काय?

ती म्हणाली, "तुमी डावीकडे गेलाव. तीन वेळा."

"अगो, मग?"

"मी मनात विचारलं होतं. तुमच्या अंगाला थरथर सुटली तेवाच विचारलं. ऑपरेशन करू काय? उजवीकडे गेलाव तर करायचं, डावीकडे गेलाव तर नाय."

इथे आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. गावच्या देवळात काही अडलं, लग्न, जमीन, दुखणं, की देवीला कौल लावतात. गुरव ओल्या कळ्या मूर्तीला चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझ्या बायकोने माझी मूर्ती केली आणि माझ्या पाठीचा कौल घेतला. मला न विचारता. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की बाई, ही मूर्ती मुळातच डावीकडे कललेली आहे, हिच्या कळ्या डावीकडेच पडणार.

तसं मी सांगितलंही. म्हटलं, "तो माझ्या कंडक्टरकीचा कणा आहे. फोटो तूही बघितलास ना?"

"फोटोत तुमी हलत नव्हतात," ती म्हणाली. "थरथर कुठून आली? आईंना पण असंच व्हायचं."

माझ्या आईच्या अंगात यायचं. शिमग्यात पालखी दारात आली की तिला वारं यायचं, आणि माणसं तिच्यापुढे आपले प्रश्न घेऊन वाकायची. तरुणपणी मला त्याची लाज वाटायची. एकदा मी तिला विचारलं होतं, तुला तेव्हा काय होतं गो? ती म्हणाली होती, काय होतं ते कळतं, पण कोण करतं ते कळत नाही. मी तेव्हा हसलो होतो. 

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. मला काही झालंच नाही, असं म्हणावं तर ते खोटं होतं. झालं होतं. ती ऊब मला जाणवली होती, माझे डोळे भरून आले होते, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी माझ्याहून मोठं हललं होतं. आणि झालं, असं म्हणावं तर तिचा नकार पक्का होत होता. एका बाजूला ते माझं पहिलंवहिलं सुख, दुसऱ्या बाजूला तिच्या गळ्यातली गाठ. रात्री झोपेत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा तो वेगळाच.

शिक्षकांना जाऊन विचारलं, ते म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. ते म्हणाले, डावी बाजू इडा नाडीची, चंद्राची. शक्ती अडते तिकडे शरीर झुकतं. म्हणजे ती ऊब खरी होती का, मी विचारलं. ते म्हणाले, अनुभव तुमचा, तुम्हीच जाणा. मग मी कौलाचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहराच उतरला. त्याच संध्याकाळी ते घरी आले आणि बायकोला तासभर समजावून गेले. तिने त्यांना पोहे दिले, सगळं ऐकून घेतलं, फाटकापर्यंत पोचवलं, आणि मला म्हणाली, "गुरुजी चांगले हायत. पण त्यांना देवळातलं काय ठावं?"

मी म्हटलं, मग देवळातच जाऊ. गुरवाकडून रीतसर कौल लावू. ती मान हलवत म्हणाली, "एकदा लागला कौल की परत विचारायचा नसतो. तो अविश्वास झाला." रीत तीच आहे. मी स्वतः गावात हेच दहा जणांना ऐकवलेलं आहे.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. बायको भाजी आणायला मारुती मंदिराकडे गेली की मी कपाटाच्या आरशापुढे मांडी घालून बसायचो आणि उजवीकडे झुकायचा सराव करायचो. सोपं नव्हतं. अर्ध्यावर गेलो की कंबर मला मागे ओढायची. एकदा तर तोल जाऊन कपाटाच्या दारावर आपटलो आणि कोपर सोलवटलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, भर सकाळी, स्वतःच्या बायकोला फसवायला देव होऊन बघत होता. चार दिवसांत थोडंफार जमलं. पाचव्या दिवशी वर्गाला निघण्यापूर्वी मी तिला म्हटलं, तुझ्या मनातलं परत एकदा विचार, देवी रागावली तर मला रागावू दे. तिने अंबाड्यात फूल माळलं, त्यावरून ती विचारणार हे मी समजलो.

मी बसलो. श्वास घेतला, थोडा वेळ जाऊ दिला. मग थरथर आणली, हुंकार दिला आणि उजवीकडे गेलो. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा जाताना मला वाटलं, आपण छान करतोय.

वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, मांडवीला चला. धक्क्यावर सकाळची फिरणारी माणसं होती, होड्या आत येत होत्या. कठड्यापाशी उभी राहून ती म्हणाली, "आज तुमी मुद्दाम केलंत."

मी म्हटलं, "हो."

"खोटं कसं दिसतं ते आज बघितलं," ती म्हणाली. "म्हणजे तेवाचं खरंच होतं."

मी कपाळावर हात मारला. इतकी खटपट करून मी तिचा विश्वासच घट्ट केला होता. मला राग आला, तिचा, शिक्षकांचा, माझ्या पाठीचा. मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "ते खरं होतं की नाही ते मला ठाऊक नाही. पण ते तुझ्या गाठीसाठी नव्हतं."

"तुमाला काय माहीत कशासाठी होतं?"

खरंच माहीत नव्हतं. बाजूने एक बाई बूट आपटत धावत गेली. मी म्हटलं, "मला भीती वाटते. झोपेत तुझा श्वास वाजतो आणि मी तो ऐकत पडून राहतो. मध्येच थांबतो तेव्हा मी उठून बसतो. तुला माहीत नाही."

"माहीत हाय," ती म्हणाली. "मी जागीच असते."

 मग ती माझ्याकडे वळली. "तर मग तुमी सांगा. डोळे मिटून नको, अंगात येऊन नको. तुमी माणूस म्हणून सांगा. करू?"

चौतीस वर्षांत मी तिला कशालाच सरळ उत्तर दिलं नव्हतं. घर बांधायचं असो की मुलीचं लग्न, मी म्हणायचो, बघ बाई, तुझं तू ठरव. नंतर चुकलं तर बोलायला मोकळा. कंडक्टरला सवयच असते, गाडी कुठे न्यायची ते ड्रायव्हर बघतो, आपण फक्त घंटी मारायची. इथे गाडीत आम्ही दोघंच होतो.

"कर," मी म्हणालो.

"आणि आवाज गेला तर?"

"गेला तर गेला."

शब्द तोंडातून निघाला आणि तो परत आत घ्यावासा वाटला. तिने समुद्राकडे तोंड फिरवलं. रडली असेल, नसेल, मी बघितलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, चला, बाजारात ताजी मासळी आली असेल.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. श्वास मोकळा झाला. आता ती झोपेत अजिबात वाजत नाही, आणि मला ती शांतता सवयीची व्हायला बरेच दिवस लागले. पण शुद्धीवर आल्यावर ती बोलायला गेली तेव्हा नुसती हवाच बाहेर आली. सर्जनबाई म्हणाल्या, नसेला सूज आहे, महिने लागतील, थांबा. आम्ही थांबलो. दोन महिन्यांनी आवाज आला, जाडसर, घासलेला. बोलण्यापुरता पुरतो. ओळ उचलायला पुरत नाही. आता आठ महिने झाले. बाई अजूनही थांबा म्हणतात.

तिने मला एकदाही बोल लावला नाही. न राहवून मीच विचारलं, माझा राग येतो का गो? ती भाजी निवडत होती. त्या घासलेल्या आवाजात म्हणाली, "देवीनं सांगितलं असतं आणि आवाज गेला असता तर देवीशी भांडले असते. तुमच्याशी काय भांडायचं? तुमी पण घाबरलेलेच होतात." आणि मला लसूण सोलायला दिला.

वर्गाला मी अजून जातो. टॉवेल घालून बसतो. ती ऊब परत कधी आली नाही. आली तर मी तिचं काय करीन, हे मला ठरवता आलेलं नाही. ती मिळाल्याचा आनंद मी कुणाला सांगू शकत नाही, आणि ती गेल्याचं दुःखही नाही, कारण दोन्हीच्या मध्ये बायकोचा गळा उभा राहतो.

गेल्या गुरुवारी भजन आमच्याकडे होतं. शेजारणीने ओळी उचलल्या. बरं म्हणते ती, सुरात असते. माझी बायको दुसऱ्या रांगेत टाळ घेऊन बसली होती. एका जागी चाल वर चढते, तिथे शेजारीण नेहमी थोडी खाली राहते. त्या जागी बायकोने सवयीने तोंड उघडलं, मान वर केली, आणि मग तोंड मिटून घेतलं. टाळ चुकला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात प्रसादाचं ताट घेऊन उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला पुढे काय करायचं ते कळलं असतं. राग नव्हता. कौल लागल्यावर कळी कुठल्या बाजूला पडली ते बघावं, इतक्या साधेपणाने ती बघत होती, आणि मी हातातलं ताट कुठे ठेवू ते मला सुचत नव्हतं.